पत्र कुणी न्यावं?

१७६१ सालचा जानेवारी. नानासाहेब पेशवे फौज घेऊन उत्तरेच्या वाटेवर होते आणि पानिपतावर काय झालं याची पक्की खबर त्यांना नव्हती. दरबाराच्या पदरी जासूद होते, सांडणीस्वार होते, मजल-दरमजल बातमी पोचवणारी माणसं होती. बातमी आणली मात्र एका सावकाराच्या कासिदाने. इतिहासकार ग्रँट डफने दिलेल्या हकिकतीप्रमाणे हा कासीद औरंगाबादेच्या पेढीकडे निघाला होता, नऊ दिवसांत पोचायच्या बोलीवर. वाटेत तो पेशव्यांच्या छावणीत सापडला आणि त्याच्याजवळचं पत्र फोडलं गेलं. पत्रात लढाईचा उल्लेखच नव्हता. मोती किती गळाले, मोहरा किती हरवल्या, रुप्या-तांब्याची तर मोजदादच नाही, असा पेढीवरचा हिशेब होता. मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, हे वाचणाऱ्याला कळायला वेळ लागला नाही.

पत्रातला तो मजकूर मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला पाठ असतो. ते पत्र कुणी आणलं, हे सहसा कुणी विचारत नाही. ते आणलं खासगी टपालाने. एका साम्राज्याच्या पराभवाची खबर त्याच्या प्रमुखाला व्यापाऱ्यांच्या टपालातून मिळाली, आणि त्या काळाच्या रीतीत यात फारसं नवल नव्हतं. सावकाराची हुंडी या गावी लिहिली जायची आणि दुसऱ्या गावी वटायची. मधल्या प्रांतात लढाई आहे की शांतता, नाणं महाग की स्वस्त, कुठली पेढी डगमगते आहे, हे दोन दिवस आधी कळलं तर नफा आणि उशिरा कळलं तर दिवाळं. त्यामुळे चांगला धावणारा माणूस ठेवणं पेढीला परवडायचं. राजस्थानात तर महाजनांच्या डाकेचं रीतसर जाळं होतं. माळव्यातल्या अफूचे भाव मुंबईला आधी कळावेत म्हणून सट्टेवाले स्वतःचे निरोपे पळवायचे.

टपाल म्हटलं की आज आपल्या डोळ्यांपुढे लाल पेटी, खाकी पोशाख आणि तिकिटावरचा सरकारी शिक्का येतो. टपाल आणि सरकार ही जोडी जणू अनादी असावी असं वाटतं. प्रत्यक्षात ती बरीच अलीकडची आहे. आपल्याकडे ती कायद्याने जुळली १८३७ साली. ईस्ट इंडिया कंपनीने त्या वर्षीच्या टपाल कायद्यात स्वतःच्या मुलखात मोबदला घेऊन पत्रं नेण्याचा हक्क फक्त सरकारचा, असं लिहून टाकलं. त्या दिवसापासून सावकाराचा कासीद बेकायदा ठरला. त्या बदल्यात रयतेला काय मिळालं? कलकत्त्याहून मुंबईला एक तोळ्याचं पत्र पाठवायला एक रुपया, आग्र्याला बारा आणे. सामान्य माणसाने वर्षात एखादं पत्र लिहावं की नाही, असा प्रश्न पडावा अशी ही रक्कम होती.

डॉक्रा आणि त्याची पेनी

सरकारने खासगी टपाल बंद करायचं आणि मग त्याचीच रीत उचलायची, हा खेळ कंपनीने शोधलेला नव्हता. तो त्याच्या दीडशे वर्षं आधी लंडनमध्ये खेळून झाला होता.

१६८० साली लंडन हे युरोपातल्या अवाढव्य शहरांपैकी एक होतं. सरकारी टपाल लंडनहून इतर गावी जायचं, पण लंडनच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चिठ्ठी पाठवायची सोय सरकारकडे नव्हती. माणूस पाठवा, नाहीतर हमाल गाठा. विल्यम डॉक्रा नावाच्या व्यापाऱ्याने रॉबर्ट मरे याच्या साथीने ही उणीव हेरली. त्यांनी शहरभर शेकडो दुकानांत आणि कॉफीगृहांत पत्रं स्वीकारण्याची सोय केली. पत्र असो वा एक पौंड वजनापर्यंतचं पुडकं, दर एकच, एक पेनी. तीही आधी भरायची. दिवसातून अनेक फेऱ्या. पेनी भरली याची खूण म्हणून पत्रावर तिकोनी शिक्का मारला जायचा आणि सोबत वेळ दाखवणारा बदामाच्या आकाराचा दुसरा शिक्का. आज संग्राहक ज्या शिक्क्यांसाठी जीव टाकतात ते हेच.

या दोन शिक्क्यांत पुढच्या तीनशे वर्षांचं टपाल सामावलं आहे. एकच दर, पैसे आधी, भरल्याची खूण, वेळेची जबाबदारी. रोलंड हिलने १८४० साली पेनी पोस्ट आणि चिकटवायचं तिकीट देशभर लागू केलं तेव्हा जग थक्क झालं. त्यातलं बरंचसं एका व्यापाऱ्याने १६० वर्षं आधी लंडनच्या गल्ल्यांत चालवून दाखवलं होतं.

डॉक्राला विरोध दोन बाजूंनी झाला. पोटावर पाय आला म्हणून हमालांनी त्याच्या पाट्या फाडल्या. दुसरा विरोधक जास्त बडा होता. टपालाचं उत्पन्न राजाचा भाऊ ड्यूक ऑफ यॉर्क याच्या नावे लावून दिलेलं होतं. १६८२ साली खटला भरला गेला, निकाल डॉक्राविरुद्ध गेला आणि थोड्याच दिवसांत त्याचीच योजना सरकारी पेनी पोस्ट म्हणून सुरू झाली. पुढे राजवट बदलल्यावर त्याला वर्षाला ५०० पौंडांचं निवृत्तिवेतन मिळालं आणि काही वर्षं त्याच पेनी पोस्टचा कारभारही पाहायला मिळाला.

लंडनकरांनी यातून धडा घेतला नाही. १७०९ साली चार्ल्स पोवे याने अर्ध्या पेनीत पत्रं न्यायला सुरुवात केली. त्याची माणसं रस्त्यातून घंटा वाजवत फिरायची, म्हणजे लोकांनी दाराशीच पत्र द्यावं. पोवेला १०० पौंड दंड झाला. घंटावाले मात्र नंतर सरकारी टपालात रुजू झाले.

तिकिटावर कुणाचं तोंड?

चिकटवायचं तिकीट ब्रिटिश सरकारने १८४० साली काढलं, यात वाद नाही. पण समुद्र ओलांडून ते अमेरिकेत गेलं ते एका खासगी धंदेवाल्याच्या हातून. १ फेब्रुवारी १८४२ रोजी न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर ग्रेग याने सिटी डिस्पॅच पोस्ट सुरू केलं. शहरात जागोजागी पेट्या बसवल्या आणि जॉर्ज वॉशिंग्टनचं चित्र असलेलं तीन सेंटचं तिकीट छापलं. अमेरिका खंडातलं हे पहिलं चिकटवायचं तिकीट. सहा-साडेसहा महिन्यांत सरकारने हा धंदा विकत घेतला आणि नावाच्या आधी ‘युनायटेड स्टेट्स’ जोडून पुढे चालवला. अमेरिकी सरकारची स्वतःची देशभर चालणारी तिकिटं निघायला १८४७ साल उजाडावं लागलं.

लायसँडर स्पूनर या बोस्टनच्या वकिलाचा बाणा वेगळा होता. त्या वेळी बोस्टनहून न्यूयॉर्कला एका कागदाचं पत्र पाठवायला पावणेएकोणीस सेंट पडत. स्पूनरने जानेवारी १८४४मध्ये अमेरिकन लेटर मेल कंपनी काढली आणि सव्वासहा सेंटांत पत्र नेऊ लागला. डॉलरला वीस तिकिटं घेतली तर आणखी स्वस्त. त्याने एक पुस्तिकाही काढली: राज्यघटना सरकारला टपाल चालवायचा अधिकार देते, इतरांना बंदी करायचा देत नाही. त्याची माणसं पकडली गेली, खटले झाले आणि कंपनी बसली. पण मार्च १८४५मध्ये काँग्रेसला दर उतरवावे लागले. तीनशे मैलांपर्यंत पाच सेंट, त्यापुढे दहा. त्याच कायद्याने शहराशहरांमधलं खासगी टपालही बंद केलं. स्पूनर कोर्टात हरला आणि दरांच्या बाबतीत जिंकला.

शहरातल्या शहरात चालणारी टपालं अजून पंधराएक वर्षं तगली. फिलाडेल्फियात ब्लड्स डिस्पॅचचं तिकीट पाहण्यासारखं आहे. पाठीवर थैली घेतलेला एक माणूस शहरातल्या मर्चंट्स एक्स्चेंजच्या इमारतीवरून ढांगा टाकत चालला आहे. सरकारी तिकिटांवर तेव्हा राजे-राण्या, अध्यक्ष, आकडे आणि बोधचिन्हं असत. खासगी टपालाच्या या तिकिटावर काम करणारा माणूसच दिसतो. धंद्याची जाहिरात होती ती. पण पत्र नेणाऱ्यालाच चित्राचा विषय करण्याची कल्पना पहिल्यांदा इथे दिसते.

त्रिनिदादमध्ये १८४७ साली निघालेलं ‘लेडी मॅक्लाउड’ त्याहून साधं. डेव्हिड ब्राइस यांच्या मालकीची ही आगबोट पोर्ट ऑफ स्पेन आणि सॅन फर्नांडो या दोन बंदरांमध्ये चालायची. तिकीट गडद निळं. वर पांढरी बोट, खाली बोटीच्या नावाची गुंफलेली आद्याक्षरं. देशाचं नाव नाही, किंमतही छापलेली नाही. किंमत लोकांना माहीत होती, एकाला पाच सेंट आणि शेकड्याला चार डॉलर. तिकीट वापरलं गेलं हे दाखवायला बोटीवरचा माणूस शाईने फुली मारायचा, नाहीतर सरळ कोपरा फाडायचा. आज कोपरा फाटलेलं तिकीट म्हटलं की संग्राहक नाक मुरडतात. या तिकिटाच्या बाबतीत फाटका कोपरा हाच ते खरोखर प्रवासाला गेल्याचा दाखला आहे.

मुंबईची सुएझ वाट

मुंबईकरांचा या गोष्टीशी थेट संबंध येतो तो टॉमस वॅगहॉर्न या खटपट्या दर्यावर्दीमुळे. त्या काळी विलायतेचं पत्र आफ्रिकेला वळसा घालून यायचं आणि त्याला महिनेच्या महिने लागायचे. इजिप्तमधून जमिनीवरून वाट काढली तर हा वेळ निम्म्याहून कमी होईल, असं वॅगहॉर्न सांगत सुटला. २८ ऑक्टोबर १८२९ला तो लंडनहून निघाला. लाल समुद्रात ठरलेली आगबोट भेटली नाही तेव्हा उघड्या होडीतून पुढे सरकला आणि २१ मार्च १८३०ला मुंबईत उतरला. गंमत अशी, की त्याच्या आदल्याच दिवशी मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट सुएझच्या पहिल्या फेरीला बंदरातून बाहेर पडली होती.

पुढची काही वर्षं वॅगहॉर्नने अलेक्झांड्रिया, कैरो आणि सुएझला आपली माणसं ठेवली. लोक त्याच्या हवाल्याने पत्रं पाठवत, त्यांवर ‘मिस्टर वॅगहॉर्न यांच्यामार्फत’ अशा अर्थाचा शिक्का बसे, उंटावरून ती वाळवंट ओलांडत आणि पुढे मुंबईच्या बोटीत चढत. महिना-सव्वा महिन्यात विलायतेचं पत्र मुंबईला मिळू लागलं. वाट रुळली तेव्हा ती सरकार आणि बड्या जहाज कंपन्यांच्या ताब्यात गेली. वॅगहॉर्न १८५० साली कर्जबाजारी अवस्थेत वारला. पुढे सुएझ कालवा खोदणाऱ्या लेसेप्सने त्याचा पुतळा सुएझला उभारला. कालव्याच्या कंपनीने स्वतःदेखील १८६८ साली तिकिटं काढली होती. ती महिना-दीड महिनाच चालली, मग इजिप्त सरकारने ते टपाल आपल्याकडे घेतलं.

जिथे सरकार पोचत नव्हतं

आतापर्यंतची मंडळी नफ्याच्या वाटेवरची. खासगी टपालाची खरी परीक्षा नफा नसलेल्या ठिकाणी होते.

अमेरिकेची पोनी एक्स्प्रेस घ्या. एप्रिल १८६०मध्ये सेंट जोसेफहून सॅक्रामेंटोपर्यंत, जवळपास दोन हजार मैल, घोडेस्वारांची साखळी सुरू झाली. पत्र दहा दिवसांत पोचायचं. अर्ध्या औंसाला दर पाच डॉलर. सिनेमांनी या घोडेस्वारांना अजरामर केलं, पण हिशेबाच्या वहीत कंपनी सुरुवातीपासून तोट्यात होती. दीड वर्षात तार जोडली गेली आणि घोडे थांबले. मागे राहिली ती वेल्स फार्गोने १८६१ साली छापलेली, धावत्या घोड्याची तिकिटं. वेल्स फार्गो स्वतः मात्र पुढे तीस-पस्तीस वर्षं पत्रं नेत राहिली. कॅलिफोर्नियाच्या खाणीतला माणूस सरकारी तिकीट छापलेलं पाकीट घ्यायचा आणि त्यावर वेल्स फार्गोचं भाडं वेगळं मोजायचा. म्हणजे सरकारला पैसे द्यायचे ते कायदा पाळायला, कंपनीला द्यायचे ते पत्र पोचवायला.

न्यूझीलंडच्या ऑकलंडजवळ ग्रेट बॅरिअर बेट आहे. ऑक्टोबर १८९४मध्ये ‘वायरारापा’ ही आगबोट तिथल्या खडकावर फुटली आणि शंभराहून जास्त माणसं बुडाली. ही खबर ऑकलंडला पोचायला तीन दिवस लागले. बेटाला तार नव्हती. मग कबूतरं पाळणाऱ्यांनी मनावर घेतलं आणि १८९७मध्ये पातळ कागदावरचे निरोप कबुतरांच्या पायाला बांधून पाठवायची सेवा सुरू झाली. पुढच्याच वर्षी तिकीट निघालं. त्यावर ‘स्पेशल पोस्ट’ असे शब्द होते. सरकारी टपालाने ‘पोस्ट’ या शब्दावर आक्षेप घेतला, तेव्हा त्यावर ‘पिजनग्रॅम’ छापून घेतलं. कबूतर पाठवायला हरकत नाही, पण त्याला पोस्ट म्हणायचं नाही! १९०८ साली समुद्रातून तार टाकली गेली आणि कबुतरं निवृत्त झाली.

इंग्लंडच्या पश्चिमेला लंडी नावाचं चिमुकलं बेट आहे. तिथलं पोस्ट ऑफिस १९२७च्या अखेरीस बंद झालं. बेटाचे मालक मार्टिन हार्मन यांनी काही काळ बेटवासीयांची पत्रं फुकट किनाऱ्याला पोचवली. मग खर्च निघावा म्हणून १९२९मध्ये तिकिटं काढली. तिथल्या समुद्रपक्ष्याच्या नावाने चलन ठरवलं, अर्धा पफिन आणि एक पफिन. पफिन म्हणजे पेनीच. त्यांनी नाणीही पाडली आणि तिथे ते कायद्यात सापडले. नाण्यांसाठी दंड झाला. तिकिटं मात्र सहन केली गेली, अट एवढीच की ती पाकिटाच्या मागे लावायची आणि पुढच्या बाजूला राजाचं तिकीट असायला हवं. लंडीची पफिन तिकिटं आजही निघतात.

या सगळ्यात मला सर्वांत शिकण्यासारखी वाटते ती रशियाची गोष्ट. झारचं टपाल जिल्ह्याच्या गावापर्यंत यायचं आणि तिथेच थांबायचं. खेड्यात राहणाऱ्याने पत्र आलं का ते विचारायला स्वतः यावं. १८६४ साली ग्रामीण भागांना झेम्स्त्वो नावाची स्थानिक मंडळं मिळाली. आपल्या जिल्हा लोकल बोर्डांसारखी ती समजा. या मंडळांनी स्वतःच्या गाड्या खेड्यांकडे पाठवल्या आणि लवकरच स्वतःची तिकिटं छापली. १८७० साली सरकारने अटी घालून परवानगी दिली. तिकीट सरकारी तिकिटासारखं दिसता कामा नये आणि पोस्टाच्या शिंगाचं चिन्ह वापरायचं नाही. दीडशेहून अधिक जिल्ह्यांनी अशी तिकिटं काढली आणि क्रांतीच्या वर्षापर्यंत ती चालली. कुठे जिल्ह्याच्या बोधचिन्हातला प्राणी, कुठे नुसता आकडा, कुठे गावातल्या छापखान्यातली वेडीवाकडी जुळणी. नफ्याची आशा नव्हती, राजाचं फर्मान नव्हतं. गावाला पत्र हवं होतं, म्हणून गावाने वर्गणी काढली.

हिंदुस्थानातही याच जातीचं डिस्ट्रिक्ट डाक होतं. पोलीस ठाणी आणि जिल्ह्याच्या कचेऱ्या यांच्यातलं टपाल जमीनदारांच्या किंवा स्थानिक कराच्या पैशातून चालायचं. विसाव्या शतकाच्या आरंभी ते मुख्य टपाल खात्यात विरघळलं.

विकत घेतलेला कारभार, विकलेली बनावट

खासगी टपालाचा सर्वांत मोठा संसार थुर्न आणि टॅक्सिस घराण्याचा. मूळचं इटलीतल्या बेर्गामोजवळचं हे कुटुंब पंधराव्या शतकाच्या अखेरीस सम्राटाची पत्रं वाहू लागलं आणि साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ युरोपच्या मोठ्या भागाचं टपाल वंशपरंपरेने चालवत राहिलं. १८५२ साली त्यांनी स्वतःची तिकिटं काढली. जर्मन संस्थानांची नाणी वेगवेगळी, म्हणून उत्तरेला ग्रोशेनमध्ये आणि दक्षिणेला क्रॉइत्सरमध्ये. एका सरदार घराण्याचा टपाल धंदा दोन चलनांत! प्रशियाने फ्रांकफुर्ट जिंकलं आणि १ जुलै १८६७पासून हा सगळा कारभार तीस लाख थालर मोजून ताब्यात घेतला. पैसे देऊन खासगी टपाल संपवायची रीत जर्मनीत पुढेही टिकली. तिथल्या कायद्याने शहरांतर्गत पत्रं मक्तेदारीबाहेर ठेवली होती. त्या फटीतून १८८६नंतर डझनावारी शहरी खासगी टपालं उगवली. १ एप्रिल १९००पासून ती बंद झाली, पण कंपन्यांना भरपाई मिळाली आणि सरकारी शहरी दरही उतरले.

एवढ्या कंपन्या, एवढी तिकिटं आणि नोंदी अपुऱ्या. लबाडांना हे कुरण मोकळं मिळालं. बोस्टनच्या सॅम्युएल अॅलन टेलर याने १८६०च्या दशकात कधी अस्तित्वातच नसलेल्या टपाल कंपन्यांची तिकिटं छापून विकली. याच गृहस्थाने त्याआधी माँट्रियलहून उत्तर अमेरिकेतलं पहिलं तिकीटसंग्राहकांचं मासिक काढलं होतं. म्हणजे रोग आणि वैद्य एकाच दुकानात. न्यूयॉर्कचा जॉर्ज हसी तर खरोखरचा टपालवाला. संग्राहकांची मागणी पाहून त्याने बंद पडलेल्या इतर टपालांची तिकिटंही नव्याने छापवली. या तिकिटांचा संग्रह करू पाहणाऱ्याने एक गोष्ट गाठीला बांधावी. सुटं तिकीट सुंदर असतं, पण साक्ष देतं ते पाकिटावरचं. पत्ता, शिक्का, तारीख, घडी, सगळं जागेवर असेल तरच हे टपाल खरंच धावलं होतं असं म्हणता येतं. म्हणून घरातल्या जुन्या पत्रांवरची तिकिटं वाफेवर धरून सोडवू नका.

एसटीतलं पाकीट आणि ‘डॉक्स’

आता घराकडे वळू. १८५४च्या कायद्याने आणि तिकिटाने हिंदुस्थानात अंतराचा हिशेब संपला. पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते पुण्याहून साताऱ्याला जाओ की कलकत्त्याला. मक्तेदारीच्या बदल्यात सरकारने रयतेला दिलेली ही पहिली मोठी परतफेड. त्या वेळी साताठशे टपाल कचेऱ्या होत्या. स्वातंत्र्याच्या वेळी २३,३४४ झाल्या. आज त्या १ लाख ६४ हजारांच्या घरात आहेत आणि दहातल्या नऊ ग्रामीण भागात आहेत.

१८९८च्या कायद्याने मक्तेदारी कायम ठेवली, पण व्यवहारी अपवादही केले. गावाला निघालेल्या ओळखीच्या माणसाबरोबर पत्र द्यायला हरकत नाही, पैसे मात्र घ्यायचे नाहीत. मालासोबत मालाविषयीची चिठ्ठी चालेल. प्रवासी आणि माल वाहणाऱ्यांनी पत्रं गोळा करायची नाहीत. कायदा असा होता. महाराष्ट्रात एसटी कशी वापरली जायची, हे ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. तालुक्याचा बातमीदार बातमीचं पाकीट घेऊन संध्याकाळी स्टँडवर यायचा, ड्रायव्हरच्या डोक्यामागच्या फटीत ते खोचलं जायचं आणि पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या स्टँडवर वर्तमानपत्राचा मुलगा ते काढून घ्यायचा. फॅक्स येईपर्यंत जिल्ह्याच्या अर्ध्या बातम्या अशा आल्या. ते पत्र होतं की माल, हे कुणी कधी विचारलं नाही.

अंगडियांनीही तो प्रश्न स्वतःला विचारला नाही. झवेरी बाजार, भुलेश्वर, ऑपेरा हाउस या पट्ट्यात त्यांच्या पेढ्या आहेत. बहुतेक माणसं उत्तर गुजरातेतली, धंदा पिढ्यांचा. सुरतेला पैलू पडलेले हिरे मुंबईला आणायचे आणि मुंबईचे पैसे-कागद तिकडे न्यायचे. रात्रीच्या गाडीत साध्या कपड्यांतला माणूस, अंगाला घट्ट बांधलेली पिशवी. पैसे सोडवून घेताना ओळख म्हणून दहाच्या नोटेचा नंबर. सावकाराच्या कासिदाचा हा आजचा वारस. पावतीपेक्षा पेढीचं नाव जास्त चालतं, आणि एकदा नाव गेलं की धंदा गेला.

कुरिअरवाल्यांनी कायद्यातून वेगळी वाट काढली. १९८३ साली मुंबईत ब्लू डार्ट सुरू झाली, १९९० साली बंगळुरात डीटीडीसी. मध्ये आणि नंतर शेकडो लहान कंपन्या आल्या. कुठल्याही कुरिअरच्या पावतीवर पाहा. तिथे ‘पत्र’ असा शब्द नसतो. ‘डॉक्स’ किंवा ‘नॉन-डॉक्स’ यांपैकी एका चौकोनात खूण करायची असते. आईला लिहिलेलं चार पानी पत्रसुद्धा डॉक्युमेंट ठरतं. सरकारने डॉक्राच्या वेळी केलं तेच पुन्हा केलं. १ ऑगस्ट १९८६ रोजी स्पीड पोस्ट सुरू केलं. फरक एवढाच, की या खेपेला प्रतिस्पर्ध्याला कोर्टात खेचून संपवायची ताकद किंवा इच्छा उरली नव्हती.

अखेर २०२३च्या डिसेंबरात संसदेने नवा टपाल कायदा केला आणि १८ जून २०२४पासून तो लागू झाला. १८९८चा कायदा गेला आणि त्यासोबत पत्रं नेण्याचा सरकारचा एकाधिकारही गेला. १८३७ साली बेकायदा ठरलेला सावकाराचा कासीद १८७ वर्षांनी पुन्हा कायदेशीर झाला. एक हक्क मात्र सरकारने स्वतःकडे राखला, टपाल तिकीट काढण्याचा. ब्लड्सप्रमाणे आपल्या पोऱ्याचं चित्र असलेलं टपाल तिकीट आपली कुरिअर कंपनी आजही काढू शकत नाही.

मग पत्र कुणी न्यावं?

या इतिहासातून मला दोन गोष्टी दिसतात आणि दोन्ही एकदमच खऱ्या आहेत. पहिली, टपालातल्या बहुतेक चांगल्या कल्पना खासगी माणसांनी आधी लढवल्या. एकच दर, आगाऊ पैसे, दाराशी घंटा, रस्त्यातली पेटी, वेळेचा शिक्का, ठरल्या दिवसांत पोचवण्याची हमी. सरकारने त्यांना दंड केले, मग त्यांच्या कल्पना घेतल्या. दुसरी, जिथे पैसा नव्हता तिथे नफेवाला टिकला नाही. लंडनमध्ये डॉक्रा होता, पण डोंगरातल्या खेड्यात नव्हता. रशियाच्या खेड्यात वर्गणी निघाली, लंडीला मालक खिशातून खर्च करत होता. आपल्याकडे गडचिरोलीच्या किंवा अक्कलकुव्याच्या वाडीवर पाच रुपयांचं पाकीट मुंबईइतक्याच दरात जातं, ते त्या पहिल्या अर्ध्या आण्याच्या करारामुळे.

तो करार आज जगभर सुटतो आहे. डेन्मार्कच्या सरकारी टपालाने मार्च २०२५मध्ये जाहीर केलं, की वर्षअखेरीला पत्रं वाटणं थांबवायचं. सोळाशे चोवीस सालापासूनची, चारशे वर्षांची रीत. लाल पेट्या काढून घ्यायच्या. उरलेली पत्रं खासगी कंपनीने न्यायची. आपल्याकडेही २०२५ साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिसळून टाकलं. मी याचा शोक करत बसणार नाही. पत्रं कमी झाली हे खरं, आणि कासीद कुणाचा यापेक्षा तो पोचतो का हे महत्त्वाचं.

पण हक्क खुला करणं सोपं असतं, जबाबदारी वाटून घेणं कठीण. पत्र नेण्याची मुभा आता सगळ्यांना आहे. कोर्टाची नोटीस, बँकेचं कार्ड, परीक्षेचं प्रवेशपत्र, पेन्शनचा कागद शेवटच्या वाडीपर्यंत त्याच दरात नेण्याची सक्ती कुणावर, हा प्रश्न आपण ग्राहकांनी सोडता कामा नये. तुमच्या गावच्या शाखा डाकघराची वेळ कमी झाली, पेटी काढली, डाकसेवकाची जागा रिकामी राहिली, तर लेखी तक्रार करा, ग्रामसभेत विषय काढा, खासदाराला विचारा. शहरात कुरिअरचे पर्याय डझनभर आहेत. वाडीला एकच आहे आणि तो टिकवायचा खर्च कुणी करायचा, ते कागदावर लिहून घेतलं पाहिजे.